गल्ल्यातली परकी नाणी: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापशाच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्याखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. संध्याकाळी हिशेब लावताना जे नाणं आपलं नाही असं कळतं, ते त्या डब्यात पडतं. डबा वडिलांनी सुरू केला, मी चालू ठेवला, आणि आता तो दोन हातांनी उचलावा लागतो. त्याची कीर्ती कुणी पसरवली कोण जाणे, पण हल्ली साबण घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही मोबाइल पुढे करतं, "अहो, हे बघा जरा, कितीचं असेल?" माणसं बदलतात, प्रश्न तेच. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी नाणेतज्ज्ञ नाही, दुकानदार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

गोव्यातच अशी नाणी एवढी का मिळतात?

परदेशी माणूस मुंबईतही असतो, पण तो तिथे हॉटेलात नोटा नाहीतर कार्ड काढतो. आपल्याकडे हरमल, मोरजी, हणजूण भागात पाहुणे महिनोन्महिने भाड्याच्या खोलीत राहतात. केळी, पाण्याची बाटली, काडेपेटी घ्यायला स्वतः गाड्यावर येतात. त्यांच्या खिशात दोन देशांची चिल्लर एकत्र खुळखुळत असते. दुसरी वाट आपल्याच माणसांची. बोटीवरचा तारवटी सहा-आठ महिन्यांनी घरी येतो तेव्हा त्याच्या पिशवीच्या तळाशी चार बंदरांचे सुटे पैसे असतात. आखातातून सुट्टीवर आलेल्यांचंही तेच. तिसरी वाट जुन्या घरांची, तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पण नाणं गोव्यात येणं वेगळं आणि सुट्ट्यांत मिसळणं वेगळं. हा फरक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सुटे पैसे आपण डोळ्यांनी मोजत नाही, बोटांनी मोजतो. कदंबच्या भरलेल्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने सुटे देणारा कंडक्टर नाण्यावरचं चित्र कधी बघणार? त्याच्या अंगठ्याला आकार कळतो, जाडी कळते, बस्स. म्हणून जे परकं नाणं आपल्या एखाद्या नाण्यासारखं हाताला लागतं, तेवढंच चलनात चार दिवस टिकतं. ब्रिटनचं सात कोनांचं ५० पेन्स किंवा जपानचं भोकाचं ५० येन पहिल्याच गल्ल्यावर पकडलं जातं.

मग कुठलं नाणं कुठल्याच्या वेषात येतं?

आमच्या डब्याचा निम्मा भाग आपल्या पिवळ्या पाच रुपयांच्या जुळ्या भावांनी भरलेला आहे. आपलं ते नाणं २३ मि.मी. व्यासाचं आणि ६ ग्रॅम वजनाचं. रशियाचं २००९ पासूनचं पिवळं १० रुबल २२ मि.मी.चं, वजन साडेपाच ग्रॅमच्या थोडं वर. युरोचं २० सेंट सव्वाबावीस मि.मी.चं, पावणेसहा ग्रॅमचं. तिन्ही एका मुठीत घेऊन डोळे मिटा आणि सांगा कुठलं कुठलं! त्यातही २० सेंटचं नाणं पाच रुपये म्हणून मिळालं तर नुकसान तुमचं नाही, देणाऱ्याचं आहे, कारण युरो कितीतरी वर्षं सत्तर-ऐंशी रुपयांच्या खाली आलेला नाही.

दहा रुपयांचं दुधातुचं, म्हणजे दोन धातूंचं, नाणं २७ मि.मी.चं. रशियाने २००२ सालापासून आपली जुनी शहरं आणि प्रांत यांच्या नावाने १० रुबलची दुधातुची नाणी काढली. ती नेमकी २७ मि.मी.चीच आहेत, आणि रंगही तसेच, बाहेर पिवळं कडं, आत पांढरी चकती. मोरजीकडे रशियन पाहुणे जास्त, त्या बाजूने येणाऱ्या चिल्लरीत हे बेमालूम मिसळतं. थायलंडचं १० बात २६ मि.मी.चं आहे. त्याचे रंग उलटे, बाहेर पांढरं आणि आत पिवळं, त्यामुळे ते दिवसाउजेडी पकडलं जातं, रात्री खपून जातं.

दोन रुपयांच्या जागी रशियाचं ५ रुबल येतं, दोन्ही २५ मि.मी.ची. अमिरातीचा १ दिरहम २४ मि.मी.चा, त्यावर कॉफीची दल्ला म्हणजे चोचवाली किटली असते. तोही दोन रुपयांत बसतो. हाच दिरहम आणि फिलिपिन्सचा जुना १ पेसो आकाराला इतके सारखे होते की दुबईच्या बाजूला लोक यंत्रांत दिरहमऐवजी पेसो टाकत. म्हणजे बोटांना फसवणारं नाणं यंत्रालाही फसवतं.

ब्रिटनचा जुना गोल पौंड आता कमी येतो. तो साडेबावीस मि.मी.चा आणि साडेनऊ ग्रॅमचा जाडजूड होता. आपलं १९९२ पासूनचं जाड पांढरं पाच रुपयांचं नाणं आठवतं? २३ मि.मी., ९ ग्रॅम. रंग सोडला तर हाताला एकच. वडिलांच्या काळात डब्यात पडलेले बहुतेक पौंड या वाटेने आले. ब्रिटनने मार्च २०१७ मध्ये बारा कोनांचा नवा पौंड आणला आणि १५ ऑक्टोबर २०१७ नंतर गोल पौंड चलनातून गेला.

गल्ल्यावर झटकन ओळखायची काही युक्ती?

लोहचुंबक. फ्रिजच्या दारावरचा चालतो. आपलं पिवळं पाच रुपयांचं नाणं निकेल-पितळेचं, ते चुंबकाला चिकटत नाही. रशियाचं पिवळं १० रुबल आतून पोलादी, वर फक्त पितळेचा मुलामा, ते टचकन चिकटतं. युरोचं २० सेंट मात्र चिकटत नाही, तिथे डोळेच वापरावे लागतात: त्याच्या कडेला सात खाचा असतात. युरोची १, २, ५ सेंटची तांबडी नाणी तांब्याचा लेप दिलेली पोलादी आहेत, ती चिकटतात. ब्रिटनच्या १ आणि २ पेन्सची गंमत अशी की १९९२ च्या आधीची कांस्याची आहेत, नंतरची पोलादावर तांबं चढवलेली. एकच चेहरा, एकच आकार, पण एक चिकटतं आणि एक नाही. आमच्याकडे येणाऱ्या शाळेच्या पोरांना ही जादू दाखवली की ती दोन चॉकलेटं जास्त घेतात.

नाण्यावरची लिपी वाचता येत नाही. साल कसं ओळखायचं?

आकडे वाचता आले तरी साल कळेलच असं नाही, कारण प्रत्येकाचा शक वेगळा.

नेपाळचं नाणं आपल्याला वाचता येतं, देवनागरीच असतं, आणि म्हणूनच फसायला होतं. त्यावर २०६० लिहिलेलं बघून एकाने मला विचारलं होतं की हे पुढच्या काळातलं नाणं आलं कुठून. तो विक्रम संवत आहे. त्यातून ५७ वजा करा, २००३ येतं. थायलंडचा बुद्धशक ५४३ वर्षांनी पुढे. त्यांचे २५४३ म्हणजे आपले २०००. अरबी नाण्यांवर बहुधा हिजरी आणि इसवी दोन्ही सालं असतात, पण अरबी अंकांत. हिजरी १४०० म्हणजे साधारण १९८०. इस्रायलच्या नाण्यावर हिब्रू अक्षरांत ज्यू वर्ष असतं. त्यांचं ५७६० साल आपल्या १९९९ च्या शरदात सुरू झालं. जपानचं साल राजाच्या कारकिर्दीवरून: शोवा १ म्हणजे १९२६, हेइसेइ १ म्हणजे १९८९, रेइवा १ म्हणजे २०१९.

चित्रावरूनही बरंच कळतं. किटली दिसली तर अमिराती, शिडाचं गलबत दिसलं तर कुवेत. ओमानच्या सुट्या नाण्याला 'बैसा' म्हणतात. हा शब्द आपल्याच 'पैसा'चा भाऊ आहे, आणि एका रियालचे हजार बैसे होतात. आखातात एके काळी आपला रुपयाच चालायचा. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये तिथल्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या.

पोर्तुगीज काळातलं नाणं सुट्ट्यांत मिळेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त हिरमोड होतो. नाही मिळणार. माझ्या इतक्या वर्षांत सुट्ट्यांतून एकही आलं नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, पाठोपाठ भारतीय रुपया आला आणि जुनं चलन बंद झालं. साठ वर्षं सुट्ट्यांत राहील असं नाणं नसतं. ही नाणी वेगळ्या जागी भेटतात: आजीच्या ट्रंकेत लुगड्याच्या घडीत, देवघराच्या फळीमागे, जुनं घर पाडताना जोत्यात, नाहीतर भाटातल्या माडाच्या मुळाशी.

मिळालंच तर काय मिळेल? मुख्यतः तीन काळांतली नाणी.

पहिला काळ १८८१ च्या आसपासचा. त्याआधी गोव्यातलं नाणं म्हणजे मोठा गोंधळ होता. बझारूक, शेराफीम, तांगा अशी नावं आणि ओबडधोबड ठोकलेली नाणी. पणजीतली टांकसाळ, कासा द मोएदा, १८३४ ते १८४१ चालली. ती इमारत आजही उभी आहे. १८७८ च्या ब्रिटिश-पोर्तुगीज करारानंतर गोव्याचं नाणं ब्रिटिश रुपयाच्या मापात बसवलं गेलं आणि ते चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलं गेलं. राजा लुईशचं डोकं असलेला तो चांदीचा रुपिया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे आपला एक तोळा. शेजारच्या सावंतवाडीत राणीच्या रुपयाला जे वजन, तेच इथे राजाच्या रुपियाला. व्यापाऱ्याला तराजू लावावा लागत नसे. तांब्याचे पाव तांगा आणि अष्टमांश तांगाही त्याच वेळचे. हिशेब असा होता: १ रुपिया म्हणजे १६ तांगा, म्हणजे ९६० रेइस. सोळा आण्यांची सवय असलेल्याला तांगा म्हणजे आणा, एवढंच पुरे होतं.

दुसरा काळ राजा कार्लोशचा, १९०१ ते १९०३ ची कांस्याची नाणी. ही बरीच दिसतात, पण झिजून गुळगुळीत झालेली. तिसरा काळ पोर्तुगालमध्ये राजेशाही गेल्यानंतरचा. या नाण्यांवर राजा नाही, ढाली आणि मुद्रा आहेत, आणि 'एस्तादो द इंडिया' ही अक्षरं. पोर्तुगीज इंडियाच्या मुद्रेत एक दातेरी चाक असतं. पुष्कळांना ते अशोकचक्र वाटतं, पण ते संत कातारिनाचं चाक. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा जिंकला तो तिच्या सणाचा दिवस. जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल तिच्याच नावाचं आहे.

३ एस्कुदो, ६ एस्कुदो, ६० सेंताव्हो असे विचित्र आकडे का?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, आणि तो फार कमी लोक विचारतात. १९५८ मध्ये पोर्तुगिजांनी गोव्यात रुपिया बंद करून एस्कुदो आणला. १ रुपियाचे ६ एस्कुदो, १ एस्कुदोचे १०० सेंताव्हो. कागदावर चलन बदललं, पण बाजारात बसलेली मासळीवाली रुपयातच मोजणार. म्हणून नाणी अशी पाडली की जुना हिशेब मोडू नये. ६ एस्कुदो म्हणजे जुना रुपिया, ३ म्हणजे अर्धा, ६० सेंताव्हो म्हणजे रुपियाचा दहावा भाग, ३० म्हणजे विसावा. सीमेपलीकडे नुकतेच, १ एप्रिल १९५७ ला, नवे पैसे सुरू झाले होते. म्हणजे पेडण्याच्या माणसाला इकडे सेंताव्हो, तिकडे नवा पैसा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आणे. ही नाणी तीनच वर्षं चालली. जुन्या घरांतून सर्वांत जास्त हीच निघतात.

घरात 'रिपुब्लिका पोर्तुगेझा' लिहिलेलं नाणं आहे. गोव्याचंच असणार ना?

दुसरी बाजू बघा. 'एस्तादो द इंडिया' असेल तर गोवा, दमण, दीव. 'मोसांबिक' किंवा 'आंगोला' असेल तर आफ्रिका. काहीच नसेल तर बहुधा खुद्द पोर्तुगाल. गोव्यातले कितीतरी लोक नोकरीसाठी मोझांबिकला गेले होते, त्यामुळे तिकडची नाणी इथल्या ट्रंकांत निघणं साहजिक आहे.

पोर्तुगालची अलीकडची एस्कुदो नाणीही येतात, लिस्बनला गेलेल्या नातेवाइकांच्या खिशातून. पोर्तुगाल २००२ मध्ये युरोवर गेला (२००.४८२ एस्कुदोंना १ युरो, हा आकडा कसा पाठ करायचा कुणास ठाऊक). नाणी बदलून द्यायची मुदत २००२ अखेर संपली, नोटांची २८ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे आता ती फक्त बघायला. पण दुधातुचं २०० एस्कुदो मिळालं तर नीट बघा. आपल्या दहा रुपयांपेक्षा किंचित मोठं, आणि त्यावर दाढीवाला माणूस आहे तो गार्सिया द ओर्ता. हा वैद्य गोव्यात राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो मूळचा ज्यू. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. आणि चार शतकांनी पोर्तुगालने त्याला नाण्यावर बसवलं. पणजीच्या चर्चसमोरची बाग त्याच्याच नावाची आहे, तिथे बसून कधी ते नाणं काढून बघा.

मधोमध भोक असलेलं तांब्याचं नाणं सापडलं. काय आहे?

दोन शक्यता. लहान आणि हलकं असेल तर आपलाच १९४३ ते १९४७ चा भोकाचा पैसा, युद्धात धातू वाचवायला काढलेला. मोठं असेल आणि इंग्रजीत 'ईस्ट आफ्रिका' असेल तर तिकडचं ५ किंवा १० सेंटचं नाणं. केनिया, युगांडा, टांगानिका यांचं ते सामाईक चलन होतं, आणि त्याच्या शिलिंगावर डोंगरांपुढे उभा सिंह असतो. नैरोबी-कंपाला करून आलेल्या गोंयकारांनी, ज्यांना गावात 'आफ्रिकार' म्हणतात, ती इथे आणली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकललं तेव्हा काही जण जेमतेम कपड्यांनिशी परतले, आणि खिशात जी चिल्लर राहिली ती राहिली. भोक असल्यामुळे ही नाणी करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधलेलीही मी पाहिली आहेत.

परक्या नाण्याचा दागिना करणं आपल्याला नवीन नाही. पुतळ्यांची माळ घ्या. व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवर उभ्या माणसांची चित्रं होती, म्हणून आपल्याकडे त्यांना पुतळी म्हणू लागले.

माझ्या नाण्याची किंमत किती?

बहुतेक वेळा: फार नाही. जुनं म्हणजे महाग, हा समज डोक्यातून काढा. नाणी किती पाडली गेली, त्यातली किती उरली, आणि तुमचं किती झिजलं आहे, यावर भाव ठरतो. १९५८-५९ ची गोव्याची नाणी भरपूर आहेत. १८८१ चा चांदीचा रुपिया झिजलेला असला तरी निदान चांदीचा भाव देतो, आणि ठसा ठळक असेल तर बरंच जास्त. सुट्ट्यांतून आलेली रुबल, दिरहम, सेंट ही तर चालू नाणी. त्यांची किंमत त्यांच्यावर लिहिलेलीच असते.

मोबाइलने फोटो काढून शोधलं की हजारोंचे आकडे दिसतात. ते मागणारे आकडे आहेत, मिळालेले नाहीत. मीही उद्या दुकानातल्या नारळावर पाच हजारांची चिठ्ठी लावू शकतो. लिलावात प्रत्यक्ष विकलं गेलेलं तेच साल, तेच मूल्य शोधा, मग बोलू.

फोनवर कुणी लाखो रुपये देतो म्हणतो आहे. देऊ का नाणं?

नाणं देण्याआधी तो तुमच्याकडूनच पैसे मागेल. नोंदणी फी, कर, कुरिअर, काहीही नाव देईल. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं म्हणजे दहा लाख, ही अफवा याच जातीची. ते नाणं २०१२ मध्ये निघालं, खंडीने निघालं, आणि त्याची किंमत पाच रुपये आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असले व्यवहार होऊ लागले तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच जाहीर केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीशी आमचा संबंध नाही आणि त्यासाठी आम्ही कुणाला नेमलेलं नाही.

राम-सीता-हनुमान असलेली ईस्ट इंडिया कंपनीची १८१८ ची 'अर्धा आणा' नाणीही दाखवायला येतात. कंपनीने असलं नाणं कधी काढलं नाही. ती नंतर कुणीतरी धंद्यासाठी बनवलेली आहेत. देवघरात ठेवायची तर ठेवा, बाजारात नेऊ नका. आणि 'तांदूळ ओढणारं' नाणं कुणी दाखवलं तर दुकानाची पायरी उतरा. यात गोव्यातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी जमिनी गहाण टाकल्या आहेत.

चिंच लावून घासलं तर चकाकेल ना?

चकाकेल, आणि मरेल. चिंच, कोकम, लिंबू, राख, पितांबरी, सगळं समईसाठी ठेवा. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी थर त्याचं रक्षण करत असतो. आम्लाने तो गेला की नाणं गुलाबी, उघडं पडतं, आणि संग्राहक ते लांबूनच ओळखतो. आमच्या डब्यातला कार्लोशचा एक पाव तांगा मीच शाळेत असताना चिंचेने घासला होता. अजून तो डब्यात सगळ्यांत केविलवाणा दिसतो.

माती असेल तर साध्या पाण्यात, शक्य तर बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात, रात्रभर ठेवा आणि न घासता टिपून घ्या. गोव्याचा खरा शत्रू पाऊस आणि खारी हवा. तांब्याच्या नाण्यावर मऊ, पावडरीसारखे हिरवे ठिपके दिसले तर ते इतर नाण्यांपासून लगेच वेगळं करा, तो रोग पसरतो. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यातूनच हिरवा चिकटा सुटतो. कागदी पाकिटं आणि बुटांच्या खोक्यात येते ती ओलावा शोषणारी पुडी, एवढ्यावर जून-जुलै निघतो.

बँक किंवा मनी चेंजर बदलून देतात का?

नोटा घेतात, नाणी सहसा नाही. नाणी वजनदार, परत पाठवायचा खर्च त्यांच्या किमतीपेक्षा जास्त. चालू चलनाची असतील तर त्या देशात जाणाऱ्या शेजाऱ्याला द्या. आमच्या गल्लीतल्या एका तारवट्याला मी दर खेपेला युरोची पुरचुंडी देतो, तो येताना माझ्यासाठी साबण आणतो. काही विमानांत युनिसेफसाठी सुटी नाणी गोळा करतात, तीही चांगली सोय. देवळाच्या दानपेटीत मात्र टाकू नका. देवाला चालेल, पण मोजायला बसलेल्या समितीला त्याचं काय करायचं हे कळत नाही, आणि शेवटी ती माझ्याकडेच येतात.

अशी नाणी घरात ठेवणं गुन्हा आहे का?

नाही. परदेशी नाणी कितीही बाळगता येतात, मर्यादा नोटांना आहे. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं, ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी मित्राला भेट म्हणून लुईशचा रुपिया देऊ नका, विमानतळावर तोच अडकेल. आणि जमिनीत पुरलेला साठा सापडला तर तो गुपचूप वाटून घ्यायचा नसतो. १८७८ च्या निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. दहा रुपये! कायदा तेव्हाचा, आकडाही तेव्हाचा.

परकं वाटलं पण परकं नाही, असं काय काय असतं?

दहा रुपयांची नाणी. त्यांचे इतके नमुने आहेत की लोक चांगलं नाणं खोटं म्हणून नाकारतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की तोवरचे चौदाही नमुने चालतात. पन्नास पैसे अजून कायदेशीर आहेत, पंचवीस आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली. शिवाय मांडवीतल्या कॅसिनोची चकती आणि युरोपातल्या सुपरमार्केटच्या ढकलगाडीत घालायचं टोकन. हे टोकन मुद्दाम युरोच्या मापाचंच बनवतात. त्यावर देश नसतो, साल नसतं. आमच्या डब्यात अशी अकरा आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकाबद्दल कुणीतरी मला 'दुर्मीळ' म्हणून सांगितलं आहे.

चुकून मिळालेलं परकं नाणं पुढे चालवून टाकलं तर?

टाकू नये. देणारा चुकला असेल, तुम्हाला आता माहीत आहे. मी तरी गिऱ्हाइकाने दिलेलं असं नाणं दिसलं की तिथल्या तिथे परत करतो. गेल्या आठवड्यात शेजारच्या पोराने दुधाच्या पैशांत एक पिवळं १० रुबल दिलं. मी चुंबक लावून दाखवला, कुठल्या देशाचं, कितव्या सालचं, सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "हे चालत नाही, बाबा, दुसरं दे." त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काल संध्याकाळी तुम्हीच सुट्टं म्हणून दिलेलं."

ते आता डब्यात आहे. त्याला पाच रुपये परत दिले.